माझ्या मोटारसायकलची उलांडी

माझी पहिली मोटारसायकल घरी आली तेव्हा लष्करी हिरव्या रंगाची होती. काही वर्षांनी ती निळी झाली, तिला शिडाच्या कापडाची बैठक आली, गोव्याचा दिवा आला आणि डाव्या अंगाला चक्क एक होडी आली. यात मूळच्या गाडीचं काय राहिलं, असं कोणी खवचटपणे विचारलं की माझं डोकं फिरतं. इंजिन तेच होतं. टाकीही तीच होती, फक्त तिला कल्हईवाल्याने तीन ठिकाणी डाग दिलेला होता.

तेव्हा मी पंचविशीत होतो आणि शिलाईमशिनं दुरुस्त करत गावोगाव फिरत होतो. देवबागपासून देवगडपर्यंत ज्या घरात मशीन अडेल तिथून मला बोलावणं यायचं. हत्यारांची पेटी सायकलच्या मागे बांधून मी चढण चढायचो आणि चढताना सायकल बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. शेवटी वैभववाडीकडच्या एका निवृत्त हवालदाराकडून ही गाडी घेतली. लढाई संपल्यावर फौजेने मोडीत काढलेल्या गाड्यांतली ती एक. हवालदाराने ती गोठ्यात ठेवली होती आणि ती सुरू केली की म्हैस पान्हा चोरते अशी त्याच्या बायकोची तक्रार होती, त्यामुळे सौदा लवकर जमला. निघताना त्याने एक जादा चाकही माझ्या गळ्यात घातलं. ते चाक पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

वाटेतल्या खाड्यांवर पूल नव्हते. दोन होड्या एकमेकींना बांधून, वर फळ्या टाकून गाडी पलीकडे नेली. होडीवाल्याने गंभीर चेहऱ्याने मला विचारलं की हिला पोहता येतं का. मी चिडलो हे बघितल्यावर त्याने पलीकडचा काठ येईपर्यंत तोच प्रश्न आणखी तीन प्रकारे विचारला.

घरी बाबा लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसले होते. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवून सुपारी कातरायला घेतली. एवढंच स्वागत झालं.

बाबा तांडेल होते. तीस वर्षं त्यांनी गलबत चालवलं, मंगळूरची कौलं आणि कालिकतचं लाकूड मुंबईला पोचवलं. मग एका वावटळीत परमान, म्हणजे शीड बांधतात ते आडवं लाकूड, तुटून त्यांच्या गुडघ्यावर पडलं. पाय वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला आणि गलबत देवगडच्या एका व्यापाऱ्याला विकावं लागलं. त्या दिवसापासून बाबा समुद्रावर गेले नाहीत. आमचं घर किनाऱ्यापासून दीड मैल आत, वाट आधी उतरणीची आणि मग पुळणीतली, म्हणजे वाळूतली. काठी टेकत एवढं चालणं त्यांना जमलं असतं की नाही कोण जाणे, त्यांनी करून पाहिलंच नाही. ज्या किनाऱ्यावर त्यांना बघून लोक वाट देत, तिथे लंगडत जायची त्यांना लाज वाटत होती.

नारळीपौर्णिमेला वाडीतला सर्वांत जुना तांडेल दर्याला पहिला नारळ देतो. तो मान बाबांचा होता. आता तो नारळ दुसऱ्याच्या हातून पडत होता आणि त्या दिवशी बाबा सकाळपासून घरात कोणाशी बोलत नसत. आईने एकदा बैलगाडीचं सुचवलं, तर म्हणाले, "कौलां न्हेतत तसो माका न्हेव नको." त्यानंतर आईने तो विषय काढला नाही.

गाडी मी धंद्यासाठी घेतली हे खरं आहे. पण पहिल्या दिवसापासून माझ्या मनात होतं की एका नारळीपौर्णिमेला बाबांना हिच्यावरून किनाऱ्यावर न्यायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण बाबांनी त्या गाडीचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

त्यांनी गाडीविषयी पहिला शब्द काढला तो सहा महिन्यांनी. आमच्याकडचा खारा वारा लोखंडाला जगू देत नाही. चाकांचे आरे, साखळी, हँडल, सगळ्यावर गंज चढायला लागला होता आणि मी घासलेट घेऊन घासत, शिव्या घालत बसलो होतो. बाबा माडाकडे बघत म्हणाले, "मोरयेचा तेल लाव."

मोरी हा मोठा दातेरी मासा. त्याच्या काळजाचं तेल काढून होड्यांच्या लाकडाला लावतात, म्हणजे लाकूड पाण्याला दाद देत नाही. बाबा बोलले याचाच मला इतका आनंद झाला की मी डबाभर तेल आणून गाडीला डोक्यापासून पायापर्यंत माखलं. दुसऱ्या दिवशी इंजिन तापलं आणि ते तेल तळायला लागलं. मी ज्या ज्या वाडीतून गेलो तिथली कुत्री माझ्या मागे लागली. आचऱ्याला एका शाकाहारी घरात मशीन दुरुस्त करायचं होतं. तिथल्या बाईंनी गाडी आधी फाटकाबाहेर, मग वळणापलीकडे लावायला लावली, आणि शेवटी मलाही अंगणाबाहेर फणसाखाली बसवून मशीन तिथेच आणून दिलं. मी काम करत होतो आणि समोर पाच मांजरं ओळीने बसून माझ्याकडे प्रेमाने बघत होती.

घरी येऊन मी आकांडतांडव केलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंजिनाक लावूक कोणी सांगला? होडयेक इंजिन खंय असता?" आणि ते हसले. पाय मोडल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. पुढे इंजिन सोडून बाकीच्या लोखंडाला तेच तेल राळ घालून लावत गेलो आणि गंज परत फिरकला नाही.

दुसरा बदल बैठकीचा. मूळचं चामडं फाटलं म्हणून मी मुंबईहून रेक्झिन मागवलं. उन्हात त्यावर बसवत नसे आणि पावसात त्यावर टिकवत नसे. एक दिवस मी लोट्यावर बसून ते तिसऱ्यांदा शिवत होतो. बाबा बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी आईला विचारलं, जुन्या शिडाचं कापड माळ्यावर आहे ना? पाय पुढे लांब टाकून, जाड सुई आणि मेणाचा दोरा घेऊन ते दोन दिवस बसले आणि त्यांनी बैठक शिवून दिली. त्या शिवणीत मला आजवर खोट सापडलेली नाही, आणि शिवणीतली खोट ओळखणं हा माझा धंदा आहे.

दिवा गोव्याहून आला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि तिकडून चांगलं विलायती सामान चोरूनमारून येत असे. आमच्या ओळखीच्या एका रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, तो बांगड्यांच्या टोपलीच्या तळाशी घालून आणला. त्यामुळे मांजरांशी माझी ओळख पुन्हा ताजी झाली.

रंगाचं काम मेस्तांनी केलं. मेस्त म्हणजे आमच्या वाडीतले होड्या बांधणारे सुतार, बाबांच्या वयाचे आणि त्यांचे लंगोटीयार. बाबांचं गलबत त्यांच्याच हातचं होतं. मी गाडी त्यांच्याकडे नेली आणि कुठला रंग हवा ते सांगायच्या आत त्यांनी ब्रश उचलला. निळा रंग आणि कडेने पांढरा पट्टा, अगदी बाबांच्या गलबताला होता तसा. गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा बाबा तिच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले की पट्टा वाकडा आहे. पट्टा वाकडा नव्हता.

त्यानंतर मी धीर केला. एका दुपारी, आसपास कोणी नाही असं बघून, बाबांना म्हटलं की मागे बसा, देवळापर्यंत जाऊन येऊ. माझ्या आश्चर्याला पार राहिला नाही, ते उठले. पण ताठ पाय बैठकीवरून पलीकडे जाईना. एका बाजूने बसवून पाहिलं तर तो पाय अडसरासारखा आडवा राहिला. त्याला काही लागलं असतं तर ते गाडीवरून खालीच आले असते.  बाबा काठी घेऊन लोट्यावर गेले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती, आधी विचार करायला हवा होता.

मग हवालदाराचं बोलणं आठवलं. फौजेत साहेब लोक गाडीच्या बाजूला जोडलेल्या डब्यात पाय पसरून बसायचे, असं तो गाडी विकताना म्हणाला होता. जादा चाक आमच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपटात, टांगलेलं होतंच. गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी लोहाराकडून लोखंडी सांगाडा करून घेतला, हादरे झेलायला एका मोडक्या लॉरीची कमान मिळवली आणि डबा बांधायला मेस्तांकडे गेलो. दुसऱ्या कोणाकडे जाणार? बाबांचा पाय वाकत नाही, तेव्हा डबा लांब हवा, एवढंच मी सांगितलं.

मेस्तांनी फणसाचं लाकूड काढलं आणि त्यांना जे येत होतं ते त्यांनी बांधलं. पुढे निमुळती नाळ, पोटाला गोलाई, फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर राळ. बाहेरून निळा रंग आणि पांढरा पट्टा. पंधरवड्याने बघायला गेलो तर डबा कसला, होडीच होती. मी कौतुक केलं आणि सहज म्हटलं, पावसाचं पाणी निघून जायला तळाला एक भोक ठेवा.

मेस्तांनी हातातली पटाशी खाली ठेवली. "चाळीस वर्षां होडी बांधतंय," ते म्हणाले. "होडयेक भोक पाडूक सांगणारो तू पयलोच."

मी समजावलं की ही पाण्यात जाणार नाही, रस्त्याने जाणार आहे, पाणी बाहेरून आत येणार नसून वरून आत पडणार आहे. ते म्हणाले, मी होडी बांधतो, ती कुठे न्यायची ते तुझं तू बघ. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. भोक पाडायचं असेल तर लाकूड परत घेतो असं म्हणाले. शेवटी मीच नमतं घेतलं. माझ्याकडे गिरमीट होतं, घरी जाऊन पाडता आलं असतं. पण ते दुसऱ्या दिवशी येऊन तळ तपासतील याची मला खात्री होती, आणि ते खरोखरच आले.

पहिल्यांदा जोडून गाडी सुरू केली तेव्हा ती मला न विचारता डावीकडे वळली आणि गवताच्या गंजीत जाऊन थांबली. लोट्यावरून बाबांचा आवाज आला, नीरम घाल. नीरम म्हणजे रिकामं गलबत कलंडू नये म्हणून तळाला भरतात ते ओझं. मी रेतीची दोन पोती होडीत टाकली आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. बाबांनी मान हलवली. मला वाटलं, झालं, आता किल्ला सर झाला.

माझा घोटाळा झाला तो एका शब्दाने. छोट्या मासेमारी होडीला, जिला आमच्याकडे पात म्हणतात, बाजूला दोन वाकड्या काठ्यांवर एक ओंडका बांधलेला असतो. तो पाण्यावर टेकून राहतो आणि होडीला कलंडू देत नाही. त्याला उलांडी म्हणतात. माझी गाडी बघून वाडीतल्या पहिल्याच माणसाने म्हटलं की मोटारसायकलला उलांडी लावलीय, आणि तोच शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. माझ्याही बसला. मी मोठ्या अभिमानाने बाबांसमोर जाऊन म्हणालो, "बाबानू, तुमच्यासाठी उलांडी केलंय. नारळीपुनवेक जावया."

बाबांचा चेहरा बदलला. "उलांडी पातेक लागता," ते म्हणाले. "गलबताक लागत नाय. माका कित्याक?"

मी डोक्यात राख घालून घेतली. इतकी वर्षं खपलो, लोहारापासून मेस्तापर्यंत सगळ्यांचे पाय धरले, आणि हे एका शब्दावर अडून बसले. बसा मग जन्मभर सुपारी कातरत, असं काहीतरी मी बोललो. बोललो आणि त्याच क्षणी जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. दहा दिवस आम्ही बोललो नाही. आई इकडचे निरोप तिकडे करत होती आणि दोघांनाही नावं ठेवत होती. मला स्वतःची लाज वाटत होती, पण माफी मागायला जीभ उचलत नव्हती. ती खोड मला बाबांकडूनच आलेली आहे.

नारळीपौर्णिमेच्या सकाळी मेस्त आले. आईने त्यांना सांगितलं असणार. ते बाबांजवळ बसले, दोघांनी सुपारी खाल्ली, पावसाचं बोलणं झालं. मग मेस्त म्हणाले, उन्हाळ्यात काम झालंय, फटी धरल्यात की नाही ते एकदा बघून घे. कामाचं म्हटल्यावर बाबा उठले. काठी टेकत अंगणात आले आणि त्यांनी होडीच्या आत हात घालून एकेक सांधा चाचपला. बोटाच्या पेराने फळ्या वाजवून पाहिल्या. काम कोणाच्या हातचं आहे हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. काम चोख आहे, ते म्हणाले, पण शेवटी उलांडीच.

"ही खंयची उलांडी?" मेस्त म्हणाले. "उलांडी भरीव असता. ही पोकळ आसा. ही होडी. तुझो झिल बसता ती उलांडी."

झिल म्हणजे मुलगा. बाबांनी होडीकडे पाहिलं, मग मोटारसायकलकडे पाहिलं, आणि मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"भरीव आसा खरो," ते म्हणाले आणि आईला कोट आणायला सांगितलं.

पाय पुढे पसरून, नारळ मांडीवर घेऊन ते होडीत बसले. उतरणीला लागलो आणि पाऊस आला. श्रावणातली सर, पण चांगली दमदार. होडी खालून इतकी घट्ट बांधलेली की आत पडलेला एक थेंब बाहेर जाईना. बाबांच्या घोट्यापर्यंत पाणी चढलं. मी गाडी थांबवून पाणी उपसायला उतरत होतो तर त्यांनी मला हाताने पुढे चालायची खूण केली आणि बसायच्या फळीखाली हात घातला. मेस्तांनी भोक ठेवलं नव्हतं, पण कुठल्याही होडीत असते तशी पाणी उपसायची करटी, म्हणजे मोठ्या नारळाची करवंटी, मात्र आठवणीने ठेवली होती. बाबा डाव्या हाताने नारळ धरून उजव्या हाताने पाणी बाहेर फेकायला लागले. वळण आलं की मला सांगत, हळू घे, आता सोड, डावीकडे खडक आहे. मी तो रस्ता रोज जात होतो, पण त्या दिवशी त्यांच्या हुकमाशिवाय हँडल वळवलं नाही.

किनाऱ्यावर सगळी वाडी जमलेली होती. गाडीचा आवाज ऐकून माणसं वळली आणि त्यांना दिसलं ते हे, की तांडेल निळ्या होडीत बसून पाणी उपसत उपसत पुळणीवरून येत आहेत.  मग त्यांचा जुना खलाशी पुढे आला आणि त्याने विचारलं, "खंयसून इलास, तांडेलानू?"

"घराकडसून," बाबा म्हणाले. "वाटेत दर्या जरा खवळलेलो होतो."

सगळा किनारा हसला आणि बाबाही हसले. ते उतरले, काठी घेऊन ओल्या वाळूतून चालत पाण्यापर्यंत गेले. लंगडत गेले, पण मला नाही वाटत कोणी पायाकडे पाहिलं. लोकांनी पूर्वीसारखी वाट दिली. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी दर्याला पहिला नारळ दिला. मी साखळीत वाळू गेली आहे का ते बघत खाली वाकून राहिलो.

त्यानंतर पाच वर्षं, ते होते तोवर, दर नारळीपौर्णिमेला आम्ही असेच गेलो. तळाला भोक शेवटपर्यंत पडलं नाही. मी एकदा पुन्हा विषय काढला तेव्हा मेस्तांबरोबर बाबाही माझ्यावर उखडले.

त्या पहिल्या दिवशी घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. बाबा नखशिखान्त भिजलेले पाहून तिने कपाळाला हात लावला आणि विचारलं की ही असली कसली होडी केली या लोकांनी.

"होडी बरी आसा," बाबा लोट्याची पायरी चढता चढता म्हणाले. "उलांडी तिच्याहून बरी."

आई त्यांना विचारत राहिली, कुठली उलांडी, मेस्त तर म्हणाले होते की ती उलांडी नव्हे. मी फडकं घेऊन अंगणात गेलो आणि पुसून झालेली टाकी पुन्हा पुसत राहिलो.